नीलजलची सुखी लाभार्थी

रुखमिणीला जाऊन नऊ महिने झाले होते आणि टिकारामकडे तिचा एकही धड फोटो नव्हता. आधार कार्डावर एक होता. त्यात ती चिडलेली दिसत होती, कारण त्या दिवशी सिहोऱ्याला तीन तास रांगेत उभी राहिली होती. हाच फोटो वर्षश्राद्धाला मांडला, तर जेवायला आलेल्या प्रत्येकाकडे ती रागानं पाहत बसणार होती.

"राहू द्या न मामाजी," सून रुपा म्हणाली. "लोकं जेवाले येतेत, फोटो पाहाले नाई."

ते खरंच होतं, म्हणून टिकारामला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी भोजराज मोबाइल पुढे धरून घरी आला. भोजराज गावच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव. वर्षभरापासून तो शेअरवाल्या एका ग्रुपात होता आणि माशांचं बोलायचं सोडून भावांचं बोलायचा.

"टिकाराम भाऊ, पाहा बरं, हे कोन हाय?"

रुखमिणी होती. गावच्या तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, दोन्ही हातांत रोहू धरून, तोंडभर हसत. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवर दोन माणसं आली होती, कसल्याशा योजनेचे फोटो काढायला. नेमक्या वेळी रोहूनं शेपटी मारली आणि तिला हसू आलं. फोटोखाली लिहिलं होतं : 'सुनीतादेवी, नीलजल फिशरीजची सुखी लाभार्थी. महिना कमाई चाळीस हजार. कंपनीने तीनशे तलाव घेतले. आज सोळा रुपयांचा शेअर दोन महिन्यांत दोनशे!'

"हे सुनीतादेवी कोन?" टिकारामनं विचारलं.

"ते सोडा. तलाव आपला हाय का नाई?"

"आपला."

"पाळीवरचा मोह?"

"आपलाच."

"अन् मासा?"

"मीच धरला होता."

"मंग! तलाव खरा, झाड खरं, मासा खरा. कंपनी खोटी कशी राहीन?"

टिकारामचं तिकडे लक्ष नव्हतं. खाली कसं लिहायचं, एवढंच त्यानं भोजराजकडून शिकून घेतलं आणि अर्धा तास खपून लिहिलं : 'ही माझी घरवाली रुखमिणी. हिच्यासारखी मेहनती कोणी नाही. जन्मभर डोळे झाकून विश्वास ठेवला. हा फोटो मला पाठवा.'

दुसऱ्या दिवशी त्याच फोटोवर मोठ्या अक्षरांत आलं : 'हिच्यासारखी मेहनती कंपनी नाही. डोळे झाकून विश्वास ठेवला. टिकाराम, मच्छीमार, जिल्हा भंडारा.'

टिकारामनं पुन्हा लिहिलं, 'ती वारली. फोटो पाठवा.' पाच मिनिटांत ते गायब झालं. मग कोणीतरी वेगळा निरोप पाठवला : 'सर, शंभर शेअर घेतल्यावर सर्व मूळ फोटो घरपोच मिळतील.'

टिकारामनं भोजराजला सांगून शंभर शेअर घेतले.

गावात ही बातमी पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. टिकाराम म्हणजे बाजारात वांगं घेतानाही दोनदा दाबून पाहणारा माणूस. त्यानं घेतले म्हणजे काहीतरी आहे. मंगरूनं दोन बकऱ्या विकून घेतले. अंगणवाडीच्या बाईंनी घेतले. भोजराजनं तर तलावाच्या लिजसाठी ठेवलेले सोसायटीचे पैसेच लावले. आठ दिवसांत भाव एकतीस झाला. सभेत भोजराजनं पेढे वाटले.

टिकाराम रोज विचारायचा, "फोटो आले का गा?"

"काय भाऊ तुमी बी! दुप्पट होऊन राहिले अन् तुमी फोटो मांगता?"

नवव्या दिवशी भाव पडायला लागला. तेराव्या दिवशी तो दोन रुपयांवर होता आणि ग्रुप बंद झाला होता. पोस्टही गेल्या. गावाचे पैसे गेले. टिकारामचा फोटो गेला. मोबाइलमध्ये तो जपून ठेवता येतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मंगरू दारात येऊन उभा राहिला. "तूच लिवलं होतं न, डोये झाकून म्हनून?"

"मी बायकोचं लिवलं होतं, मंगरू."

"मंग तुह्या बायकोनंच बुडवलं आमाले. मरून बी."

चौतीस वर्षं दोघांनी एकाच तलावात जाळं टाकलं होतं. टिकारामनं दार लावून घेतलं.

तक्रार झाली आणि पोलिसांनी टिकारामला बोलावलं. हवालदारानं तक्रारीला जोडलेला एक काळपट झेरॉक्स कागद पुढे सरकवला. त्यावर रुखमिणी हसत होती.

"या बाईला ओळखता?"

"माही घरवाली. रुखमिणी."

"इथं तर सुनीतादेवी आहे."

"ते त्याईनं लिवलं."

"आता कुठे आहे?"

"नाई आता."

"नाही म्हणजे? पळाली?"

"वारली साहेब." टिकारामनं मृत्यूचा दाखला काढून दिला.

हवालदारानं तो दोनदा वाचला. "हा रुखमिणीचा झाला. सुनीतादेवीचा दाखला कुठे आहे?"

"सुनीतादेवी जल्मलीच नाई, साहेब. मरन कशी?"

"तेच मी म्हणतो. मेल्याचा पुरावा नाही. म्हणजे फरार."

उभ्या जन्मात तुमसरच्या पुढे न गेलेली रुखमिणी फरार झाली.

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. "बाबा, सोपं करतो. 'या बाईला मी ओळखत नाही' एवढं लिहून द्या आणि घरी जा. नाहीतर फरार आरोपीचा नवरा म्हणून दर सोमवारी इथं हजेरी लागेल."

टिकारामनं कागदाकडे पाहिलं. मग हवालदाराकडे.

"ओळखतो," तो म्हणाला. "सोमवारी किती वाजता येऊ?"

सहा सोमवार गेले. सातव्या सोमवारी ठाण्याच्या फळ्यावर नवा कागद होता. हातभर रंगीत फोटो, इतका साफ की रोहूचे खवले मोजता यावेत. खाली सुनीतादेवीचं नाव आणि ठाण्याचा फोन नंबर. टिकाराम फळ्यासमोर इतका वेळ उभा राहिला की हवालदार बाहेर आला.

"साहेब, असा एक मले भेटन का?"

"सरकारी कागद आहे. असा कोणाला देता येत नाही." हवालदार आत गेला आणि एक गुंडाळी घेऊन परत आला. "पण प्रत्येक गावात एक लावायचा हुकूम आहे. तुमच्या गावाला जायला माणूस नाही. तुम्हीच लावून टाका. गर्दी जमते अशा जागी."

"रविवारी माह्या घरी हिची बरसी हाय. दोनशे लोकाईले सांगतलं होतं." टिकारामनं गुंडाळी दोन्ही हातांनी घेतली. "आता कोन येते, कोन नाई, मले मालूम नाई."

"आमचं काम लावण्यापुरतं," हवालदार म्हणाला. त्यानं वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं : "सदर फरार महिलेचा फोटो... टिकाराम यांच्या राहत्या घरी... दर्शनी भागी... कायम लावण्यात आला. करा सही."

टिकारामनं सही केली.