रूथबाईंचा तोंडी अर्ज

विषय : मंडळीचे प्रार्थनाजीवन सखोल व विस्तृत करणेबाबत.
संदर्भ : रूथबाई लावी यांचा तोंडी अर्ज.

तर बाळांनो, वरील संदर्भीय अर्जाची हकीकत अशी. नीट बसा. शेपट्या आवरा.

एका जंगलात, काळ्या रानाच्या कडेला, प्राण्यांची एक मंडळी होती. दर रविवारी चिंचेखाली उपासना व्हायची आणि बुधवारी प्रार्थनासभा. पाळक होते मेंढेसाहेब. पाळक म्हणजे मेंढरं सांभाळणारा. इथे मेंढाच पाळक असल्यामुळे दोन्ही जागा एकदमच भरल्या गेल्या होत्या. सेक्रेटरी साळिंदरभाऊ. लेखणी लागली की पाठीवरची उपटायची, एवढी सोय घरचीच असल्यावर ते पद दुसऱ्या कुणाला मिळणार?

आणि रूथबाई ही एक लावी पक्षीण. मूठभर जीव, झुडपात राहणारी. तिची प्रार्थनाही तिच्याच मापाची. "देवा, आजचं झालं, उद्याचं बघ. आमेन." सभेत तिची पाळी आली की शेजारच्यांनी डोळे मिटेपर्यंत ती खाली बसलेली असायची.

एकदा परमुलखातून एक उंट वक्ता म्हणून आला. त्याने गुडघे टेकले. आधी पुढचे, मग सावकाश मागचे. सभा बघतच राहिली. मग त्याने गुडघ्यांवरचे घट्टे दाखवले.

"तुमची प्रार्थना उथळ आहे," उंट म्हणाला. "आणि अरुंदही आहे."

मंडळी गहिवरली. इतकं स्पष्ट त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून जो तो खडकावर गुडघे घासू लागला. बगळ्याचा गुडघा खडकापर्यंत पोचेना, तेव्हा तो सर्वांदेखत रडला.

लगोलग दोन समित्या नेमल्या गेल्या. सखोल समितीने प्रार्थनेचा क्रम पाहायचा : आधी स्तुती, मग पापांगीकार, मग उपकारस्तुती, आणि मागणी अगदी शेवटी. विस्तार समितीने पाहायचं की समुद्रापलीकडचे प्राणी प्रार्थनेत आले की नाहीत. दोन्हींच्या शिफारशीशिवाय कुठलीही विनंती वर जाणार नाही, असा ठराव झाला. अनुमोदन सगळ्यांनी दिलं. रूथबाईनेही दिलं. तिला वाटलं, मोठ्यांना कळतं.

वैशाख आला. काळी जमीन फाटली. आणि एका बुधवारी रूथबाईचं धाकटं पिल्लू, तीमथ्य, भेगेत पडलं. खालून बारीक चिवचिव येत होती. तिची चोच काही तिथवर पोचेना.

ती धावत चिंचेखाली आली. सभा भरलेलीच होती.

"साहेब, माझा तिमू भेगेत पडलाय हो! प्रार्थना करा. आणि कुणीतरी चला माझ्याबरोबर."

"अहो रूथबाई, एकदम मागणीच?" मेंढेसाहेब म्हणाले. "स्तुती कुठाय?"

"स्तुती मागनं करते साहेब. पोरगं वर येऊ द्या."

"मागनं!" सखोल समितीने एकमेकांकडे पाहिलं.

"आणि विस्ताराचं काय?" साळिंदरभाऊंनी विचारलं. "फक्त स्वतःचंच पिल्लू? तिकडे बर्फात अस्वलांचे काय हाल चाललेत, ठाऊक आहे?"

"नाही हो भाऊ."

"मग!"

मेंढेसाहेबांनी डोळे मिटले. "हे प्रभू, तू जाणतोसच, आमच्या काही भगिनी, नाव मी घेत नाही, पण लावी आहेत, भेगांच्या काठाला घरटी करतात आणि मग मंडळीला धावपळ करायला लावतात..."

"आमेन," मंडळी म्हणाली. "हालेलूया," उंट म्हणाला. धावपळ कुणीच केली नाही.

"अर्ज तोंडी आहे, तरी दाखल करून घेतो," साळिंदरभाऊ म्हणाले आणि त्यांनी पाठीवरचा एक काटा उपटला. "पुढच्या बुधवारी सखोलकडे. तिथून विस्तारकडे."

रूथबाई परत भेगेकडे पळाली. चिवचिव आता थांबत थांबत येत होती. मग आलीच नाही. तेव्हा ती शिकलेलं सगळं विसरली.

"देवा, धाव!"

स्तुती नाही, पापांगीकार नाही. आमेनसुद्धा नाही.

पलीकडे एक रानडुक्कर कंद उकरत होता. तो उपासनेला कधीच येत नसे. त्याने सुधारावं म्हणून मंडळी दर बुधवारी प्रार्थना करी.

"कोण गं बोंबलतंय?"

"दादा, लेकरू आत पडलंय माझं!"

"मग देवाला कशाला हाका मारतेस? उकरायचं काम डुकराचं. सरक."

त्याने काठाला नाक खुपसलं. ढेकळं उडाली. धूळ बसली, तेव्हा तळाशी तीमथ्य होता, मातीत माखलेला. तो शिंकला.

"शिंकतंय म्हणजे जगतंय," डुक्कर म्हणाला.

"दादा, तुझे उपकार..."

"ते असू दे. माझे कंद राहिलेत."

रविवारी रूथबाई साक्ष द्यायला उभी राहिली. "देवाने माझं ऐकलं," एवढंच म्हणाली. पंखाखालून तीमथ्याने डोकं बाहेर काढलं.

साळिंदरभाऊंचे काटे उभे राहिले. "अहो बाई, तुमची विनंती अजून माझ्याकडेच आहे. ती वर गेलेलीच नाही. मग उत्तर आलं कसं?"

"आलं खरं."

"कुणामार्फत?"

"डुकरामार्फत."

उंटाने मान दुसरीकडे वळवली.

"अशा मार्गाने आलेलं उत्तर," मेंढेसाहेब म्हणाले, "मंडळीला स्वीकारता येणार नाही."

रूथबाईने पिल्लाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "मग काय करू साहेब? परत भेगेत टाकू त्याला?"

मेंढेसाहेबांनी बराच वेळ विचार केला.

"तसं नको," ते म्हणाले. "पण साक्ष तूर्त राखून ठेवू."

पुढे उंट आपल्या मुलखाला गेला. तीमथ्य आता बाप झाला आहे. डुकराने सुधारावं म्हणून बुधवारची प्रार्थना चालू आहे. तो अजूनही उकरतोच आहे.

तात्पर्य : एवढ्याशा प्रार्थनेत मोठा धोका असतो. ती ऐकली जाते. ज्यांना हा धोका पत्करायचा नसेल त्यांनी आपली प्रार्थना आधी खोल करून घ्यावी, मग रुंद करून घ्यावी, आणि डुकरांपासून लांब बसावं.

सद्यःस्थिती : संदर्भीय अर्ज सखोल समितीने पाहिला, विस्तार समितीकडे पाठवला, तिथून स्तुतीच्या पूर्ततेसाठी परत आला. पिल्लू अद्याप भेगेत आहे असे गृहीत धरून, अर्ज प्रलंबित आहे.