कडक ब्रेक, मऊ उपाय

वहिनींनी ठरवलं, मेकॅनिकच्या नादी लागायचं नाही, ब्रेकचं आपणच बघायचं. (वहिनींनी एकदा ठरवलं की घरातले बाकीचे लोक ठरवायचं काम बंद करतात. सगळ्यांचाच वेळ वाचतो.)

वहिनी म्हणजे लॉन्ड्रीवाल्या वहिनी. वर घर, खाली लॉन्ड्री आणि लॉन्ड्रीच्या दारात पिकअप गाडी. धुलाई, गिऱ्हाईकं, गाडी चालवणं आणि जगाला सल्ला देणं हे सगळं वहिनींकडे. इस्त्री आणि ‘बरं’ म्हणणं अहोंकडे. संसार झकास चालला होता. गाडीही झकास चालायची, फक्त थांबताना रडायची. ब्रेकवर पाय ठेवला रे ठेवला की पुढच्या चाकांतून अशी किंचाळी निघायची की गल्लीतली मांजरं भिंतीवर चढायची आणि समोरचे म्हातारे मास्तर चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, “आल्या.”

वहिनींना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते हॉटेलच्या मॅनेजरला.

हॉटेलच्या चादरी, अभ्रे, टॉवेल म्हणजे लॉन्ड्रीचं निम्म्याहून जास्त काम. दिवसाआड उजाडता उजाडता धुतलेले गठ्ठे पोचवायचे आणि मळके घेऊन यायचे. मॅनेजर माणूस असा, की त्याचं बोलणं ऐकायला समोरच्याला श्वास रोखावा लागे.

“वहिनी,” तो कुजबुजला, “पाहुणे झोपेतून दचकून उठतात हो. उद्या मालक स्वतः मुक्कामाला येतायत. त्यांची खोली बरोबर पोर्चच्या वर. परवा सकाळी तुमचा ब्रेक वाजला, तर...”

“तर काय?”

“तर मालकांचे मेहुणे लॉन्ड्री काढतायत.”

वहिनी तडक गॅरेजवर. मेकॅनिकने चाकाशी बसून बॅटरी मारली, जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं. “मागचे ब्रेक नावापुरतेच आहेत, वहिनी, आणि पुढचे पॅड कडक झालेत. तापून तापून पार दगड. बदलावे लागतील. पण पार्ट यायला चार-पाच दिवस.”

“आणि परवापर्यंत?”

“परवापर्यंत ब्रेक मारू नका,” म्हणून मेकॅनिक स्वतःच्याच विनोदावर हसत बसला.

वहिनींच्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकला. कडक. अख्खा जन्म ज्या बाईने कडक झालेले टॉवेल लोण्यासारखे मऊ करून दिले, तिला हा सांगणार की कडक झालं की फेकून द्या?

“अहो,” घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, “पॅड काढा. भिजत घालायचेत.”

अहोंच्या हातातली इस्त्री हवेत राहिली. “कशात?”

“सॉफ्टनरमध्ये. लव्हेंडरच्या.”

“अगं, तो ब्रेक आहे.”

“कडक झालाय ना?”

“झालाय.”

“कडक झालेल्या टॉवेलला आपण काय करतो?”

“पण टॉवेलवर गाडी थांबत नाही गं.”

“तुम्ही ना, कधी पुढचा विचारच करत नाही,” वहिनी म्हणाल्या. (यावर अहो ‘बरं’ म्हणाले. लग्नाला बरीच वर्षं झाली की ‘बरं’ला शंभर अर्थ येतात; हा ‘मी सांगितलं होतं हे पुढे सांगेन’ या अर्थाचा होता.)

जॅक लावला, चाकं काढली, चार काळेकुट्ट पॅड बाहेर आले. वहिनींनी ते अभ्र्यांच्या बादलीत बुडवले. सासूबाई वरून डोकावल्या. “सूनबाई, काय भिजत घातलंयस गं?”

“ब्रेक, आई.”

“रंग जाईल हो. वेगळे भिजव,” म्हणून सासूबाई आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पॅड चांगले मुरले होते. वाळवून, पुसून परत बसवले. वर चाकातल्या चकतीलाही एक हात सॉफ्टनर, उरलाय कशाला वाया घालवा म्हणून. मग चाचणी. अहोंनी गाडी गल्लीत ढकलली, वहिनींनी ब्रेक मारला. चूं नाही की चां नाही! गाडी थांबलीही. (ती अहोंना धाप लागल्यामुळे थांबली, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.) मास्तरांनी कप खाली ठेवला, कान टवकारले, आणि “तब्येत बरी आहे ना वहिनींची?” असं सासूबाईंना विचारून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वारी निघाली. हॉटेलपर्यंतचा रस्ता सगळा चढाचा आणि त्या वेळी मोकळा. पाय उचलला की गाडी आपोआप थांबते. “बघितलंत?” वहिनी दर वळणावर म्हणत होत्या. अहोंच्या मांडीवर टॉवेलचा गठ्ठा होता, दोन सीटच्या मध्ये अभ्र्यांचे तीन गठ्ठे रचलेले.

हॉटेलच्या फाटकातून आत मात्र उतार आहे. खाली पोर्च, पोर्चसमोर गोल बाग आणि बागेला वळसा घालून रस्ता परत पोर्चशी. मॅनेजर पायरीवर उभा, मान तिरकी, कान गाडीकडे. वहिनींनी ऐटीत ब्रेक दाबला.

गाडीने आवाज केला नाही. गाडीने दुसरंही काही केलं नाही.

“वहिनी, इथे,” मॅनेजर कुजबुजला, आणि त्याच्या नाकासमोरून पिकअप लव्हेंडरचा दरवळ सोडत निघून गेली.

“अगं, थांबव!”

“थांबवतेच आहे!”

“मग?”

“थांबत नाहीये!”

“हँडब्रेक!”

हँडब्रेक होता तीन गठ्ठ्यांच्या खाली. गिअर काढावा हे वहिनींना सुचलं नाही, आणि डिझेलची गाडी, ती काय, कुणी नको म्हणेपर्यंत चालत राहते. बागेला वळसा घालून वरात पुन्हा पोर्चशी आली.

“वहिनी, काय झालं?” मॅनेजरने विचारलं.

आता, ब्रेक लागत नाहीत असं त्याला सांगायचं? मेहुण्यांची लॉन्ड्री मनात डोळे वटारून उभी असताना?

“काही नाही! अभ्रे घ्या!” वहिनींनी खिडकीतून सांगितलं, आणि अहोंना म्हणाल्या, “फेका!”

“कुणाला?”

“त्यांना! गठ्ठे निघाल्याशिवाय हँडब्रेक सापडणार कसा?”

अहोंनी गठ्ठा फेकला. मॅनेजरने तो छातीवर झेलला. पुढच्या चकरेला दुसरा, त्याच्या पुढच्या चकरेला तिसरा, आणि घाईघाईत मांडीवरचे टॉवेलसुद्धा. शेवटी अहोंचा हात लोखंडाला लागला. त्यांनी डोळे मिटून खेचला. गाडीने एक उचकी दिली आणि थांबली, ती बरोबर पायजम्यातल्या एका गृहस्थांच्या पोटापाशी. ते वास कसला येतोय बघायला खाली आले होते. ते मालक होते.

वहिनींनी मनातल्या मनात हिशोब मांडला. निम्मं काम गेलं. आता इस्त्रीवाले अहो आणि धुवायला मास्तरांचं धोतर, एवढाच संसार.

मालकांनी गाडीकडे पाहिलं. छातीभर अभ्रे घेतलेल्या मॅनेजरकडे पाहिलं. मोठा श्वास घेतला.

“गाडी न थांबवता माल उतरवता?” त्यांनी विचारलं.

“वेळ वाचतो,” अहो म्हणाले. वहिनींनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“आणि आवाज अजिबात नाही. सुगंध वेगळाच,” मालक मॅनेजरला म्हणाले. “नाहीतर आमचे मेहुणे! नुसतं बोलतात. हेच लोक राहू देत.”

परतीला गाडी मेकॅनिकच्या ओळखीच्या टेंपोने दोर बांधून ओढत नेली. मेकॅनिकने चाक उघडलं, वास घेतला, वहिनींकडे बघितलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून आत हसायला गेला. नवे पॅड येईपर्यंत त्याच टेंपोने माल पोचवला. पॅड बसले आणि गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. वहिनी सगळ्यांना सांगत सुटल्या की हॉटेलची तक्रार आपण मुळापासून मिटवली.

आठवडा गेला आणि मॅनेजरचा फोन आला. वहिनी फोन कानाशी धरून श्वास रोखून उभ्या राहिल्या.

“वहिनी, गाडीचा आवाज एकदम बंद झालाय. मालक खूश आहेत. फक्त एक छोटी विनंती होती.”

“बोला ना!”

“इतके दिवस ब्रेकच्या आवाजात ते झाकलं जायचं. आता पाहुण्यांना नीट ऐकू येतं.”

“काय ऐकू येतं?”

“तुम्ही.”

वहिनींनी फोन ठेवला. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या अहोंकडे वळल्या. “ऐकलंत? म्हणे माझा आवाज मोठा आहे! मी ओरडते! मी!! आहे का माझा आवाज मोठा? त्या माणसाला कुणीतरी सांगायला पाहिजे!”

अहोंनी शर्टाची कॉलर नीट दाबली, इस्त्री उभी केली, आणि खिडकीतून हॉटेलच्या दिशेने पाहिलं.

“त्याला पोचलंय,” ते म्हणाले.