समोरासमोर बसायचं मशीन

पालेगावच्या भगवंताने गेमचं मशीन घरी आणायचं ठरवलं, ते काही स्वतःच्या हौसेसाठी नव्हे. त्याचं झालं असं, की नातीच्या वाढदिवसाला घरची सगळी मंडळी कात्रपच्या एका गेमच्या हॉलमध्ये गेली होती. तिथं त्याची बायको पुतळाबाई मोटारीच्या गेमला बसली, दोन रिक्षा आणि एक झाड उडवलं, आणि पदर तोंडाला लावून अशी हसली, की भगवंत बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हे हसू त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. (घरात झाडं उडवायची सोय नव्हती, हेही खरं.)

शेताच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हापासून भगवंताच्या हाताला काम नव्हतं. पुतळाबाई दिवसभर सुनेशी बोले. त्याच्याशी बोलणं म्हणजे "जेवाला या" आणि "पंखा बंद करा". मशीन आलं तर संध्याकाळी घटकाभर ती आपल्यासमोर बसेल, हसेल, एवढंच त्याचं मागणं.

तो उल्हासनगरला अल्पेशशेठच्या गेमच्या मशीनच्या दुकानात गेला. अल्पेशशेठ भला माणूस. म्हणाला, "काका, पहले गेम बोला. गेमच्या हिसाबाने डबा, म्हणजे मशीन घ्यायचं. मारामारी पाहिजे तर हा उभा, दोघं बाजूबाजूला. मोटार पाहिजे तर हा सीटवाला, स्टेअरिंगवाला. आणि हे काचेचं टेबल, याला दोघं समोरासमोर बसतात. पण हे बारी-बारीच्या गेमला. एकाची बारी झाली की चित्र दुसऱ्याकडे फिरतं."

'समोरासमोर' एवढं कानावर पडलं आणि भगवंताने पुढचं ऐकायचं सोडून दिलं. लग्न जमवायचं असो की बांधाचं भांडण मिटवायचं असो, शहाणी माणसं समोरासमोर बसतात. बाजूबाजूला बसतात ती एसटीत.

"हाच टेबल द्या. आनि यात मोटार घाला."

"काका, मोटार दोघं एकदमच चालवतात. चित्र एकाच बाजूला राहणार. दुसऱ्याला सगळं उलटं."

"बसायचं काय ते आमी बगू. तुमी मोटार घाला."

अल्पेशशेठने हात जोडले आणि मोटार घातली.

टेबल घरी आलं. सून भाविकाने त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. भगवंताने पुतळाबाईला मोठ्या मानाने सुलट्या बाजूला बसवलं, स्वतः उलट्या बाजूला बसला. गेम सुरू झाला आणि त्याची मोटार चाकं वर करून आभाळातून चालली. डावीकडे वळवावी तर ती उजवीकडे पळे.

"आवो, शर्यत हिकडं हाय! तुमी कुनाच्या शेतात शिरलाव?"

"मना उलटा दिसतंय."

"तुमाला कवा सुलटा दिसलाय?"

भगवंताने अल्पेशशेठला फोन लावला. "सिंपल आहे काका," तो म्हणाला, "काकीच्या बाजूला जाऊन बसा."

भगवंताने लाजत लाजत स्टूल उचललं आणि पलीकडे नेलं. टेबलाची ती बाजू हातभर रुंद. खांद्याला खांदा लागला. (खरं सांगायचं तर त्याला समोरासमोरपेक्षा हे बरं वाटलं.) पण पुतळाबाई ताडकन सरकली.

"सुनेसमोर चिकटून बसताव? लाज हाय का काय?"

"मग खेळाचा कसा?"

"भाविका, तू ये गो हिकडं!"

भाविका आली. भगवंत स्टूल उचलून परत उलट्या बाजूला जाऊन बसला. सासूसून दाटीवाटीने बसल्या, मोटारी सुटल्या. पहिल्याच वळणाला दोघी अंगासकट वळल्या आणि अख्खं टेबल भगवंताच्या गुडघ्यावर आलं.

"बाबा, जरा तिकडून धरा ना," सून म्हणाली.

रविवारी पुतळाबाईचा भाऊ जयदेव आला. आत बघतो तर बहीण खदखदा हसतेय, झाडं उडतायत, आणि समोर भगवंत दोन्ही हातांनी टेबल कवटाळून बसलाय.

"काय दाजी, तुमचा गेम कुठचा?"

"मी टेबल धरतंय," भगवंत म्हणाला.

"ता पन नीट धरत नाय," पुतळाबाई मान वर न करता म्हणाली.