कासवाची नव्वद लाख पावलं

बाळांनो, एक घर डोळ्यांसमोर आणा. त्यात तीन माणसं राहतात आणि तिघंही संगणकाशी वेगवेगळ्या भाषांत बोलतात. आईच्या प्रोग्रॅममुळे टाकीचा पंप चाले, मामाच्या प्रोग्रॅममुळे त्याच्या खोलीचं कुलूप उघडे, आणि दहा वर्षांच्या धाकटीच्या प्रोग्रॅममुळे पडद्यावर एक कासव चाले.

प्रोग्रॅम कुठल्याही भाषेतला असो, त्याला चालवायला रनटाइम लागतो. तो संगणकात जागा देतो, पाळी लावतो, नकोसा पसारा आवरतो. पूर्वी तिघांचे तीन होते. मामाने एका रविवारी तिन्ही प्रोग्रॅम एकाच रनटाइमच्या गळ्यात बांधले.

"तीन भाषांना तीन नोकर कशाला?"

"एकाच्या पोटात दुखलं की तिघं उपाशी," आई म्हणाली.

"ताई, तुला प्रगतीचं वावडंच आहे."

याच विषयावर आज दहा वाजता मामाला एका कचेरीत बोलायचं होतं. ते पटलं तर दोन वर्षं घरी बसलेल्या मामाला नोकरी लागणार होती. तालमीसाठी त्याने खोलीचं दार लावून घेतलं. नऊ वाजता ते उघडेना.

तेवढ्यात टाकी भरून वाहू लागली. आईने धावत जाऊन पंपाची पिन उपटली आणि ती ओल्या पायांनी दारापाशी आली.

"पाण्याचं भागलं. तुझं काय करू? मशीन बंद करू?"

"नको! वीज तुटली की कुलूप चोवीस तास उघडत नाही. चोरांसाठी मीच तसं केलंय."

"चोर मजेत बाहेर आहेत. तूच आत आहेस."

मामा आतून गंभीरपणे म्हणाला, "धाकटे, कासव किती चाललंय गं?"

"नव्वद लाख पावलं. एकही पुसू दिलं नाही मी."

"का?"

"त्याला परतायची वाट सापडायला हवी ना!"

आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. सगळी जागा पावलांनीच भरली होती. रनटाइम सगळ्यांना थांबवून पसारा आवरायला घेई, टाकण्यासारखं काहीच सापडत नसे, म्हणून पुन्हा आवरायला घेई. दाराची किंवा पंपाची पाळी येणार कशी?

"बंद कर ते," मामा म्हणाला.

"मग पावलं जातील. त्याबदल्यात तू भाषण बदलशील?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, बाळ. नाही."

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "किती वाजले?"

"नऊ पस्तीस."

"एक वाक्य वाढवीन."

"कुठलं?"

"रनटाइम एकच असावा, पण कोणी किती जागा अडवायची, हे आधी ठरवावं."

धाकटीने विचार केला. वाक्य तिच्याच अंगावर येणारं होतं, पण खरं होतं. तिने डोळे घट्ट मिटून कळ दाबली. दोन मिनिटांनी कुलूप खट्कन उघडलं. मामा बाहेर आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून साचलेल्या पाण्यातून बूट हातात घेऊन धावत सुटला.

धाकटी पुन्हा पडद्यासमोर बसली. कासवाला तिने बजावलं, शेवटची शंभर पावलं ठेवायची, बाकीची सोडून द्यायची. मग त्याला चालतं केलं. ते कुरकुर न करता निघालं.

मग ती उठली, तिने स्वयंपाकघरातली जड खुर्ची ओढत आणली आणि दार पुन्हा लागू नये म्हणून मामाच्या दारात आडवी ठेवून दिली.