पायाच्या बोटांची शिकवणी

बायकोचं म्हणणं असं, की मी मदत केली नाही तर घरातली कामं वेळेवर होतात. तरीही लेकीच्या बॅलेत मी मदत करायचं ठरवलं.

लेकीला ते कडक टोकाचे बूट हवे होते, जे घालून मुली थेट पायाच्या बोटांवर उभ्या राहतात. नाचाच्या बाईंनी सांगितलं होतं की आधी पाय तयार हवेत. सुट्टीनंतर त्या तपासतील, मगच बूट. मैत्रिणींना ते मिळालेसुद्धा होते. लेकीने कपाटातला एक कप्पा बुटांसाठी रिकामा करून ठेवला होता आणि त्यात कुणाला रुमालही ठेवू देत नव्हती.

जमिनीवर टॉवेल पसरून तो पायाची बोटं लांब ठेवून ओढायचा, हा बाईंनी दिलेला व्यायाम. एकटीला कंटाळा येतो म्हणाली, म्हणून मी समोर बसलो. (डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितलाच होता. हा खुर्चीत बसून होत होता.) मग टॉवेलचाही कंटाळा आला आणि मी डोकं चालवलं. पायाच्या बोटांनी मोजे उचलायचे आणि बादलीत टाकायचे. शर्यतच.

"बोटं आवळ," मी शिकवायचो, "मुठीसारखी."

मी इतका तरबेज झालो की ऑफिसात साहेबांचं पडलेलं पेन मी पायाने उचलून दिलं. साहेबांनी ते परत घेतलं नाही.

तपासणीच्या दिवशी आम्ही पालक भिंतीला टेकून बसलो होतो. लेक एका चवड्यावर उठली. गुडघा सरळ, पाठ ताठ. माझी छाती फुगली. बाई मात्र खाली बसून तिचं पाऊल न्याहाळत होत्या.

"बोटं आवळायची सवय कुठून लागली? बुटात अशी ठेवलीस तर सोलून निघतील. लांब हवीत, सरळ. अजून बूट नाहीत."

लेक मान खाली घालून उभी राहिली. माझं नाव तिने घेतलं नाही. मी उठलो.

"मी शिकवलं," मी म्हणालो. "मोजे उचलून."

बाईंनी मला पुढे बोलावलं, बूट काढायला लावले आणि करून दाखवायला सांगितलं. (मोज्याला भोक होतं. अंगठा आधीच हजर होता.) मी बोटं आवळली. बाई मुलींना म्हणाल्या, हे नीट बघा आणि असं कधीही करू नका. अख्खा वर्ग हसला. लेक तर पोट धरून हसली, आणि हसता हसता तिची बोटं आपोआप सुटली.

"आता उठ," बाई लगेच म्हणाल्या.

ती उठली. बोटं लांब, सरळ. बाईंनी पुन्हा पाहिलं, दुसऱ्या पायावर उठवून पाहिलं आणि बुटांना होकार दिला. लेक धावत येऊन मला बिलगली. माझे डोळे भरून आले.

कपाटातला कप्पा आता भरलाय. लेक आईसमोर बसून सरळ बोटांचा व्यायाम करते. मीही माझी सवय मोडावी म्हणून त्यांच्यात जाऊन बसलो.

"तुम्हाला कुठे ते बूट घालायचेत?" बायको म्हणाली, आणि धुवायचे सगळे मोजे तिने माझ्या पायांपाशी ओतले.