चार चाकांचा बैल

जगात अशी एकही गोष्ट नाही, जी मला समजावून सांगता येत नाही. ही फुशारकी नाही, अनुभव आहे. चौथीच्या वर्गाला मी अपूर्णांक भाकरीवरून शिकवले, ग्रहण टोपीवरून आणि लोकशाही विहिरीच्या पाळीवरून. माझी पद्धत एकच. माणसाला जे ठाऊक आहे तिथं त्याचा हात धरावा आणि जे ठाऊक नाही तिथपर्यंत चालत न्यावं. मुलं येतात. मोठी माणसंही येतात. फक्त मोठ्या माणसांची एक अडचण असते. ती पोचल्यावर थांबत नाहीत, पुढं चालतच राहतात.

हे मला एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात कळलं.

गोरक्ष माझा जुना विद्यार्थी. वर्गात तो कधी मांडी घालून बसला नाही, उकिडवाच बसायचा. घंटा झाली की पळायला बरं. मोठा होऊन शेवगावच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. त्या संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर आला आणि पाट दिला तरी बसेना. इकडून तिकडं, तिकडून इकडं, पेटीत कोंडलेल्या मांजरासारखा.

"अरे बस की," माझी बायको मनकर्णा म्हणाली. "तुझ्याकडं बघून मलाच गरगरायला लागलं."

"काकू, बसायला वेळ कुठंय? गुरुजी, मला टॅक्सीचा परवाना मिळाला. पण सोमवारपातूर नगरच्या ऑफिसात गाडी नेऊन दाखवायची. न्हाई तर परवाना गेला. परत मिळंल का न्हाई, देवाला ठाऊक."

"मग घे गाडी."

"दादा घेऊ देत न्हाईत. म्हनतात, घ्यायची तर नवी."

आजच्या वाचकांना सांगायला हवं, त्या काळी नवी मोटार म्हणजे नाव नोंदवून वाट बघणं. नोंदवताना मूल पाळण्यात असलं, तर गाडी दारात येईपर्यंत ते शाळेत जायचं. आणि इकडं नगरला गनीभाई नावाच्या मेकॅनिकची राखाडी अँबॅसिडर विकायला होती. गोरक्षनं ती चालवून पाहिली होती. "लोण्यासारखी," म्हणाला, आणि पुन्हा येरझारा सुरू.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "तुझ्या वडिलांना मी समजावतो."

गोरक्षचे दादा म्हणजे त्याचे वडील, कारभारी. मोटार या विषयात त्यांचं ज्ञान शून्य, पण बैलात माणूस विद्वान. तीन तालुक्यांतले लोक त्यांना बैल पारखायला घोडेगावच्या बाजाराला घेऊन जात. मी गेलो तेव्हा ते गोठ्यातच होते.

"दुसऱ्यानं वापरून टाकलेलं आपल्या दारात न्हाई आननार, गुरुजी. थांबू दोन-चार सालं. घाई काय हाय?"

"कारभारी, गेल्या वर्षी तुम्ही बाजारातून कोवळं खोंड का नाही आणलं? कामाला मुरलेला बैलच का आणला?"

"खोंडाला शिकवत कोन बसंल? मुरलेल्याची खोड आधीच कळती."

"मग मोटार म्हणजे तरी काय? बैलच!"

कारभारींनी हातातली वैरणीची पेंढी खाली ठेवली. एखादं गणित सुटताना मुलाच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो, तो त्यांच्या मिशीपर्यंत आला.

"व्हय की वो. म्हंजी चाकं म्हंजी पाय?"

"अगदी बरोबर."

"दिवं म्हंजी डोळं. पेट्रोल म्हंजी वैरन. आन दावं?"

"दावं म्हणजे किल्ली. ती ज्याच्या हातात, त्याच्या मागं मोटार."

असा विद्यार्थी मला तीस वर्षांत मिळाला नव्हता. घरी येताना मी चक्क शीळ घातली.

रविवारी गनीभाई स्वतः गाडी घेऊन गावात आले. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची बंद करा म्हणून सांगितलं होतं, एवढ्यासाठीच विकत होते. ही शेवटची फेरी मात्र त्यांना सोडवली नव्हती. गाडीचं दार ते दोन्ही हातांनी लावत, आवाज न करता, झोपलेल्या लेकराच्या खोलीचं लावावं तसं. गाद्यांवर त्यांच्या बायकोनं, इमामबीनं भरलेले अभ्रे होते. किल्लीला तिनंच विणलेला लाल मण्यांचा गोफ होता.

कारभारींनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढच्या जाळीपुढं वाकले.

"दात झिजल्यात," ते मोठ्यानं म्हणाले.

गनीभाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"एक डोळा बारीक हाय. मागचा पाय आखडतो." मग टपावर थाप मारून, "हाडं वर आल्यात. वैरन कमी पडली जनू."

आता बाजाराची रीत अशी, की घ्यायच्या जनावराला नावं ठेवायचीच. नावं ठेवली नाहीत, तर विकणाऱ्याला वाटतं, हा नुसता बघायला आलाय. पण गनीभाईंचा आयुष्यात बैलाशी संबंध आला नव्हता. त्यांचे कान लाल झाले.

"गुरुजी, हा माणूस काय बोलतो? माझ्या गाडीच्या अंगावर एक ओरखडा दाखवा म्हणावं."

"तारीफ करतायत ते," मी म्हणालो.

"ही तारीफ?"

"बसती का वो?" कारभारींनी विचारलं.

"कोण?"

"गाडी. वझं वढताना खाली बसायची खोड हाय का?"

"माझी गाडी आजवर रस्त्यात बसली नाही," गनीभाई म्हणाले.

"मग जुपून बघू."

त्यांनी आळीतली माणसं बोलावली. पुढं चार, मागं मावतील तितकी, त्यांच्या मांडीवर पोरं, आणि टपावर ज्वारीचं पोतं. गनीभाई डोळे झाकून लिंबाखाली बसले. गोरक्षनं गाडी ओढ्यापर्यंत नेऊन आणली, अशी हळुवार, की पोत्यातला दाणा हलला नाही. गनीभाईंनी एक डोळा उघडला. "पोराचा हात चांगला आहे," म्हणाले. तेवढ्या एका वाक्यावर सौदा टिकला.

मग कारभारींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, गनीभाईंच्या हातावर टाकलं आणि त्याखाली त्यांची बोटं धरली. बैलबाजारात किंमत अशीच ठरते, चारचौघांत आकडा बोलायचा नाही.

"हात का धरतो हा?" गनीभाई दचकून म्हणाले.

मी रीत समजावून सांगितली. बराच वेळ उपरण्याखाली दोन माणसांची बोटं एकमेकांचा अंदाज घेत होती. शेवटी दोघंही घामाघूम झाले आणि आकडा ठरला. गोरक्षनं पैसे दिले, कागदांवर सह्या झाल्या. गोरक्षची आई गोजरबाई आरती घेऊन आली, तिनं दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लावलं. गनीभाईंनी बॉनेटवर एकदा हात फिरवला आणि मागं न बघता एस.टी. धरायला निघाले. कारभारी त्यांना पोचवायला गेले. गूळ-शेंगांची पिशवी त्यांनी हट्टानं गनीभाईंच्या हातात दिली.

मी घरी येऊन मनकर्णाला म्हणालो, "बघ, दृष्टान्त कसा काम करतो."

"निजा आता," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी किरकोळ रजा टाकून गोरक्षच्या दारात हजर झालो. पाचला ऑफिस बंद. वेळ भरपूर होता, फक्त किल्ली सापडत नव्हती.

गोरक्षनं खिसे उलटे केले. गोजरबाईनं डबे उलटे केले. मग गाद्या, चूल, कोंबड्यांची खुराडी. मी दोनदा माझ्याच कोटाचे खिसे तपासले, का ते मला आजही सांगता येणार नाही. गोरक्ष तर एका जागी दोन श्वास घेत नव्हता. दारात, परसात, पुन्हा दारात.

कारभारी अंगणात शांतपणे तंबाखू मळत बसले होते. शेजारी गाडी. तिच्या पुढच्या बंपरला नवंकोरं दावं बांधलेलं आणि ते लिंबाच्या बुंध्याला अडकवलेलं.

"दादा, किल्ली बघितली का?"

"दिली की."

"कुणाला?"

"गनीभाईला. गुळाच्या पिशवीत घातली. सरळ दिली आसती, तर घेतली नसती."

गोरक्ष पहिल्यांदाच एका जागी उभा राहिला. अगदी खांबासारखा.

"जनावर इकलं तरी दावं इकनाऱ्याचं असतं," कारभारी म्हणाले. "ते घेऊ नये. आपलं नवं बांधावं. आन दावं म्हंजी किल्ली, हे गुरुजींनीच सांगितलं."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी लिंबाकडं पाहिलं.

गोरक्ष भानावर येऊन पक्कड शोधू लागला. "वायरी जोडून चालू करतो." तसे कारभारी उठून गाडीच्या दारात आडवे झाले.

"पहिल्याच दिशी जनावराचं पोट फाडायचं न्हाई!"

"दादा, परवाना जातोय माझा!"

"जाऊ दे. पाप नगं."

शेवटी मी तोडगा काढला. गोरक्षनं सकाळच्या एस.टी.नं नगरला जावं, किल्ली घेऊन दुपारच्या एस.टी.नं यावं. तोवर गाडी सडकेला नेऊन ठेवू, म्हणजे चिखलात वेळ जायला नको. न्यायची कशी? तर गोठ्यात बैल होतेच. कारभारींना हे इतकं पटलं, की त्यांनी बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा घातल्या. एक गाडीच्याही घातली.

अशी आमची वरात निघाली. पुढं बैल, त्यांच्यामागं कुंकू लावलेली अँबॅसिडर, आत सुकाणू धरून गोरक्ष, मागून चिखलात मी. वाट शाळेवरून जात होती. माझा वर्ग खिडक्यांना लोंबकळत होता. "गुरुजींची मोटार! गुरुजींची मोटार!" रजेच्या अर्जावर मी 'पोटदुखी' लिहिलं होतं.

सडकेला पोचलो आणि समोरून नगरची एस.टी. येऊन थांबली. दारातून गनीभाई उतरले, हातात लाल गोफ. रात्री गूळ काढताना इमामबीला किल्ली सापडली होती आणि तिनं त्यांना पहाटेच घराबाहेर काढलं होतं.

ते चार पावलं आले आणि थबकले. बैल पाहिले. घुंगूरमाळ पाहिली.

"एका रात्रीत?" ते म्हणाले. "एका रात्रीत मारलीत माझी गाडी?"

"गनीभाई, ऐका..." गोरक्ष दार उघडून बाहेर आला.

"काही ऐकायचं नाही. हाड वर आलं म्हणाला, दात झिजले म्हणाला, ऐकून घेतलं. हे नाही बघवत. घे तुझे पैसे, सौदा मोडला."

गोरक्षचं तोंड राखाडी झालं, गाडीसारखं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी ते मिटलं.

कारभारींनी बैलांचा कासरा सोडला आणि टोपी काढली.

"गनीभाई, काल मी समदं खोटं बोललो. दात झिजलं न्हाईत. डोळं सारखं हायती. असलं जनावर तीन तालुक्यांत न्हाई."

"मग काल का नाही बोललास?"

"घ्यायच्या आधी कुनी चांगलं म्हनतं व्हय?"

"आणि किल्ली? ती पिशवीत कशाला घातली?"

"दावं तुमचं. ते तुमच्याकडंच ऱ्हावं. म्हंजी जनावर गेलं तरी गोठा अगदीच मोकळा पडत न्हाई."

गनीभाई हातातल्या गोफाकडं बघत उभे राहिले. एस.टी.चा कंडक्टर घंटी मारायचं विसरला होता. मग गनीभाईंनी गोफाची गाठ नखानं सोडवली, किल्ली वेगळी काढून गोरक्षच्या तळहातावर ठेवली आणि लाल गोफ आपल्या खिशात घातला.

"दावं मी ठेवलं," ते म्हणाले. "वेसण तुम्ही घ्या. आणि ते बैल आधी सोडा, माझ्या डोळ्यांसमोरून."

बैल मागून आलेल्या एका पोराबरोबर घरी धाडले. गाडी पहिल्या फिरकीला सुरू झाली. गनीभाई पुढं बसले, कारभारी मागं माझ्याशेजारी, आणि नगरपर्यंत ते दोघं बंपरच्या दाव्याबद्दल भांडत गेले. ऑफिस बंद व्हायच्या आत गाडी दाखवून झाली. गोरक्षच्या परवान्यावर शिक्का पडला तेव्हा त्या पोरानं बाकावर बसून घेतलं. पाठ टेकून, मांडी घालून. मला वाटलं, एवढ्यासाठी तरी चिखल तुडवल्याचं सार्थक झालं.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

श्रावण अमावस्येला मला नगरला डोळे दाखवायला जायचं होतं. डॉक्टरांनी मोठ्या मुश्किलीनं वेळ दिली होती. मी गोरक्षला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, आणि सकाळी ठरल्या वेळी त्यांच्या दारात गेलो.

गाडी लिंबाखाली उभी होती. धुतलेली, बॉनेटवर झूल, आरशांना गोंडे, दिव्यांना ताजं कुंकू. पुढच्या जाळीशी पुरणपोळीचं ताट. गोरक्ष कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

"कारभारी, नगरला जायचंय," मी म्हणालो.

"आज?" कारभारी कळवळले. "गुरुजी, आज पोळा. आज जनावर जुपत्यात व्हय? तुमाला मी काय सांगावं, तुमीच तर शिकवलं."

मी एस.टी.नं गेलो. उभ्यानं. डॉक्टरांनी विचारलं, लांबचं नीट दिसत नाही का? मी म्हणालो, नाही दिसत.