नशीब कासवाच्या पोटात

“टिंग!”

चिनी नववर्षाच्या पहाटे सगळं घर गाढ झोपेत असताना हॉलमधून आवाज आला, आणि पाठोपाठ एक बाई गोड आवाजात बोलली, “सफाई सुरू करते आहे!”

यावन ताडकन उठून बसली. आपोआप घर झाडणारं यंत्र! रोजची वेळ लावलेली, ती आजच्यापुरती बंद करायची राहूनच गेली होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी केरसुणीला कुणी हात लावत नाही. केराबरोबर नशीबही निघून जातं. त्यात सासूबाई गाव सोडून पहिल्यांदाच शनयांग शहरात सणाला आलेल्या. काल डंपलिंगांना कळ्या पाडता पाडता त्यांनी बजावलं होतं, “रीतभात दिसली तर राहीन, नातीला, शाओमानला सांभाळीन. नाहीतर मला माझं गाव बरं.” त्या राहिल्या, तरच यावनला नोकरीवर परत जाता येणार होतं.

“अरे ऊठ! कासव सुटलंय!” तिने नवऱ्याला गदागदा हलवलं. घरात त्या यंत्राला सगळे कासवच म्हणत.

लिनफंग डोळे चोळत धावला. तोवर घरच्यांनी रात्रभर खाल्लेल्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, लाल कागदाचे कपटे, सगळं कासवाने गट्ट केलं होतं. आता ते सासूबाईंच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून आत शिरत होतं.

“पकड ना!”

“कसं पकडू? ते आईच्या पलंगाखाली गेलंय!”

“मग तू पण जा!”

लिनफंग पोटावर सरपटत आत गेला. वरून सासूबाईंचं घोरणं, खालून कासवाचं. अखेर त्याने ते पोटाशी धरून बाहेर आणलं.

“केर टाकून देऊ?”

“वेडा आहेस का? वर्षभराचं नशीब आहे त्यात! होतं तिथे परत पसर.”

दोघांनी कासवाचं पोट हॉलमध्ये रिकामं केलं. शाओमानही उठून आली आणि खुशीत टरफलं उधळू लागली. घाण करायची परवानगी तिला जन्मात पहिल्यांदाच मिळत होती! पण टरफलांबरोबर हे काय पडलं? दुधाच्या टॉफीचे कागद. चांगले मूठभर. डॉक्टरांनी सासूबाईंचं गोड बंद केल्याला वर्ष होऊन गेलं होतं.

“काय चाललंय?” दारात सासूबाई उभ्या.

त्यांची नजर जमिनीवर गेली. मग कासवाकडे. मग लेकाच्या धुळीने माखलेल्या पोटाकडे. आणि शेवटी टॉफीच्या कागदांवर येऊन थांबली. यावनने श्वास रोखला. सासूबाईंनीही रोखला असावा.

“हं,” त्या म्हणाल्या. “छान. कुणी झाडलेलं दिसत नाही.”

“छे हो आई! आज कोण झाडेल?”

“तेच तर. आज जे जिथे पडलंय ते तिथेच राहू दे. कुणी काही उचलायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. रीत आहे.” त्या सोफ्यावर ऐसपैस बसल्या. “राहते बाई मी इथेच. घर चांगलं आहे तुमचं.”

यावनला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात एका हातात टरफल आणि दुसऱ्या हातात टॉफीचा कागद घेऊन शाओमान तिच्यासमोर उभी राहिली.

“आई, यातलं नशीब कुठलं आणि कचरा कुठला?”